काशीतील दोन दिव्ये

यंदाच्या स्मरणिकेसाठी काशीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा निरोप मंडळाच्या कार्यकर्त्यांकडून आला. काशीतील मराठी माणसाचा इतिहास म्हटला की गागाभट्ट, अहिल्याबाई होळकर आणि झाशीची राणी हे विषय ठरलेले. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे आणि माझ्यापेक्षा अधिकारी मंडळींनी लिहिले आहे. माझे आयुष्य बनारसच्या कचहरीत वकिली करण्यात गेले. तेव्हा कचहरीशी नाते असलेला आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर न आलेला एक विषय वाचकांपुढे ठेवतो.

आपण मराठी माणसे ‘दिव्य’ हा शब्द रोज वापरतो. मुलीचे लग्न पार पडले की ‘एका दिव्यातून सुटलो’ म्हणतो. परंतु हा शब्द मूळचा न्यायसभेतला आहे. साक्षीदार नाही, कागद नाही, वहिवाटीचा पुरावा नाही, आणि तरीही खरे-खोटे करायचे आहे, अशा वेळी आरोपीच्या हाती तापलेले लोखंड द्यायचे किंवा त्याला उकळत्या तेलात हात घालायला लावायचे, आणि हात भाजला तर दोषी, न भाजला तर निर्दोष असा निवाडा करायचा, याला दिव्य म्हणत. महाराष्ट्रातील वतनाच्या तंट्यांतही कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे ‘रवादिव्य’ होत असे. पुराणातल्या किंवा फार जुन्या काळातल्या या गोष्टी असाव्यात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात इसवी सन १७८३ मध्ये, कंपनी सरकारचा अंमल सुरू झाल्यानंतर, आपल्या या काशीत अशी दोन दिव्ये झाली आणि ज्या न्यायाधीशासमोर ती झाली त्याने स्वतः त्यांची हकिकत लिहून ठेवली. निवाडा न्याय्य केव्हा म्हणावा, हा प्रश्न त्या हकिकतीइतका स्पष्ट मला कायद्याच्या पुस्तकांतही क्वचितच सापडला.

चेतसिंहाचे प्रकरण

या दिव्यांची गोष्ट समजण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागेल. शिवाल्याजवळचा चेतसिंह घाट आपण सर्वांनी पाहिलेला आहे. १७७५ साली बनारसचा मुलूख अवधच्या नवाबाकडून कंपनीकडे आला. राजा चेतसिंह कंपनीला सालाना साडेबावीस लाखांच्या वर खंडणी देत असे. १७७८ पासून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने लढाईच्या खर्चासाठी दरसाल आणखी पाच लाख मागितले, पुढे घोडेस्वारही मागितले. राजाने टाळाटाळ केली, असे म्हणून त्याच्यावर मोठा दंड बसवायचे हेस्टिंग्जने मनाशी ठरवले आणि ऑगस्ट १७८१ मध्ये तो स्वतः बनारसला आला. त्याने राजाला आरोपांचे पत्र पाठवले. राजाने उत्तर दिले. ते उत्तर हेस्टिंग्जला उद्धट आणि असमाधानकारक वाटले आणि त्याने राजाला त्याच्याच हवेलीत कैद करविले. पुढे दंगल उसळली, कंपनीचे शिपाई मारले गेले, राजा नदीच्या बाजूने निसटला आणि हेस्टिंग्जला चुनारला आश्रय घ्यावा लागला. चेतसिंहाला शेवटी महादजी शिंद्यांनी आसरा दिला आणि १८१० साली तो ग्वाल्हेरला वारला.

राजकारणाचा भाग बाजूला ठेवून या प्रकरणाकडे केवळ न्यायाच्या दृष्टीने पाहा. पैसे मागणारा हेस्टिंग्ज, पैसे दिले नाहीत अशी फिर्याद करणारा हेस्टिंग्ज, उत्तर पुरेसे आहे की नाही हे ठरवणारा हेस्टिंग्ज, आणि कैदेचा हुकूम देणाराही हेस्टिंग्ज! कागदोपत्री राजाला उत्तर द्यायची संधी मिळाली, हे खरे. परंतु दंड किती बसवायचा हे जिथे आधीच ठरले आहे, तिथे त्या उत्तराला काय किंमत? ‘कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये’ हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व मानतात. ते मोडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला काशीबाहेर जावे लागत नाही.

या धामधुमीनंतर हेस्टिंग्जने बनारस शहराची न्यायव्यवस्था आणि कोतवाली राजाच्या हातून काढून घेतली आणि मुख्य न्यायाधीश म्हणून अली इब्राहिम खान यांची नेमणूक केली. हे पाटण्याकडचे फारसीचे विद्वान. उर्दू-फारसी कवींच्या चरित्रांचे त्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत. आपल्याला विशेष वाटावे असे म्हणजे त्यांनी मराठ्यांचा इतिहास फारसीत लिहिला. पानिपतची हकिकत असलेला हा ग्रंथ त्यांनी १७८६ साली पूर्ण केला. विश्वनाथ मंदिराजवळचा नौबतखानाही १७८५ साली हेस्टिंग्जच्या हुकमावरून त्यांनीच बांधवून घेतला. १७९३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते काशीतच होते.

शास्त्राची रीत

खानसाहेबांच्या कचेरीत हिंदू पक्षकारांच्या तंट्यात सल्ला देण्यासाठी पंडित असत. ते ज्या शास्त्राच्या आधारे बोलत त्याची थोडी ओळख करून घेणे जरूर आहे, कारण जुना न्याय म्हणजे नुसता तेलाचा कढई-कारभार होता, असा गैरसमज होऊ नये.

याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा हा काशीत प्रमाण मानलेला ग्रंथ. त्याच परंपरेत पैठणहून काशीला आलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. व्यवहार म्हणजे खटला. खटल्याचे चार पाय सांगितले आहेत : भाषा म्हणजे फिर्याद, उत्तर म्हणजे कैफियत, क्रिया म्हणजे पुरावा, आणि शेवटी निर्णय. उत्तराशिवाय पुढे जाता येत नाही. उत्तरही चार प्रकारचे असू शकते. आरोप नाकबूल करणे, कबूल करणे, कबूल करून त्याचे कारण सांगणे, आणि याच गोष्टीचा निवाडा पूर्वीच झाला आहे असे सांगणे. या शेवटच्याला ‘प्राङ्न्याय’ म्हणतात. एकदा सुटलेल्या माणसाला त्याच कारणासाठी पुनःपुन्हा खेचू नये, हा त्यातला हेतू. १९१६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व सांगताना इंग्रजी कायदेपंडितांच्या बरोबरीने विज्ञानेश्वर आणि नीलकंठ यांचा उल्लेख केला. तो निकाल लिहिणारे सर लॉरेन्स जेंकिन्स पूर्वी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. काशीच्या गल्लीत बसून लिहिलेला ग्रंथ असा तीनशे वर्षांनी लंडनपर्यंत पोहोचला.

आणखीही नियम होते. आजारी, अतिवृद्ध, बालक, संकटात सापडलेला किंवा धर्मकृत्यात गुंतलेला अशा माणसाला तातडीने हजर राहण्याची सक्ती करू नये. निर्णय होण्यापूर्वी न्यायाधीशाने किंवा सभ्यांनी एका पक्षकाराशी एकांतात बोलू नये, बोलल्यास तेच दंडाला पात्र, असे कात्यायनाने सांगितले आहे. न्यायाधीशाला ‘प्राड्विवाक’ म्हणत. त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘विचारणारा आणि विवेक करणारा’ असा सांगतात. आधी विचारायचे, मग ठरवायचे, हा क्रम त्या नावातच आहे. पेशवाईतले रामशास्त्री प्रभुणे याच काशीत शिकून पुण्याला गेले आणि नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. १७८३ साली ते हयात होते.

या व्यवस्थेत दिव्याला जागा होती, पण ती सर्वांत शेवटची. लेख, भोग म्हणजे वहिवाट, आणि साक्षी हे मानवी पुरावे. ते मिळत असतील तर दिव्याकडे जायचे नाही. शिवाय मोठ्या आरोपातले दिव्य करविताना फिर्यादीनेही जबाबदारी पत्करली पाहिजे, म्हणजे आरोपी शुद्ध ठरला तर शिक्षा आपण भोगू असे कबूल केले पाहिजे, अशी याज्ञवल्क्याची अट आहे. उगाच कोणावर आळ घेऊन त्याचा हात आगीत घालायला लावणे सोपे होऊ नये, यासाठी हा बंदोबस्त होता.

शंकरचा हात

आता पहिले दिव्य. शंकर नावाच्या माणसावर एकाने चोरीचा आरोप केला. शंकरने तो नाकबूल केला. चोरी शाबीत होईल असा पुरावा नव्हता. तेव्हा तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य करावे असे निघाले आणि शंकर कबूल झाला. खानसाहेबांना ही रीत पसंत नव्हती. कंपनीच्या कारभारात असे चालत नाही, असे सांगून त्यांनी बनारसमध्ये रूढ असलेल्या शपथा सुचवल्या. गंगाजल आणि तुळशीपत्रावर शपथ घ्या, हरिवंशाच्या पोथीवर घ्या, शाळिग्रामावर घ्या किंवा पवित्र कुंडावर घ्या. दोन्ही पक्ष ऐकेनात.

खानसाहेबांनी चार महिने विचार केला. मगच हुकूम दिला आणि त्याची चार कारणे नोंदवली. एक, आरोपीला दोषी किंवा निर्दोष ठरवण्याचा दुसरा मार्ग उरला नाही. दोन, उभय पक्ष हिंदू आहेत आणि त्यांच्या शास्त्रात ही रीत सांगितली आहे. तीन, हिंदू राजांच्या मुलखात ती चालते. आणि चार, आगीचा दाह हाताला कसा बाधत नाही हे एकदा तपासून पाहणे उपयोगाचे होईल! सर्व विधी मिताक्षरेप्रमाणे व्हावा असे त्यांनी पंडितांना कळवले.

ठरल्या दिवशी पंडित, कचेरीचे अंमलदार, पलटणीतले शिपाई आणि सुमारे पाचशे काशीकर जमले. खानसाहेबांनी फिर्यादीला पुन्हा समजावले, आणि याचा हात भाजला नाही तर तुला कैद होईल, असे सर्वांसमक्ष बजावले. फिर्यादी हटला नाही. मग होम झाला. जमिनीवर शेणाची नऊ मंडले आखली. शंकरला गंगेत स्नान घालून ओल्या वस्त्रानिशी आणले आणि काही लबाडी राहू नये म्हणून त्याचे हात स्वच्छ पाण्याने धुतले. प्रकरणाची हकिकत आणि मंत्र ताडपत्रावर लिहून ते त्याच्या मस्तकावर बांधले. जोडलेल्या उघड्या हातांवर पिंपळाची सात पाने, शमीची सात पाने, सात दर्भ, फुले आणि दह्यात भिजवलेले जव ठेवून सात पदरी कच्च्या सुताने बांधले. त्यावर चिमट्याने लाल तापलेला गोळा ठेवला. शंकर एकेक पाऊल टाकीत मधली मंडले ओलांडून गेला आणि नवव्यात त्याने गोळा टाकला. तिथले गवत पेटले. मग त्याने साळीचे दाणे हातात चोळून दाखवले. हातावर साधा फोडही आला नव्हता.

शंकर सुटला. फिर्यादीला, पुढे कोणी अशा दिव्याची मागणी करू नये म्हणून, एक आठवडा कैद झाली.

रामदयालचा हात

दुसऱ्या प्रकरणात ऋषीश्वर भट्ट नावाच्या गृहस्थाने रामदयाल या कापड रंगवणाऱ्या कारागिरावर माल चोरल्याचा आरोप केला. रामदयालने तो नाकारला. बरीच वादावादी होऊन अखेर तो तेलाच्या दिव्याला कबूल झाला. या विधीत सोळा अंगुळे रुंद आणि चार अंगुळे खोल पात्रात शेरभर तूप किंवा तिळाचे तेल घेतात, त्यात अंगठी टाकतात, आणि पिंपळाचे किंवा बेलाचे ताजे पान टाकून ते करपले म्हणजे तेल पुरेसे तापले असे समजतात. मग आरोपीने ती अंगठी काढायची. या वेळी हजर असलेल्या पंडितांत भीष्मभट्ट, नाना पाठक, अनंतराम भट्ट, हरिकृष्ण भट्ट, कालिदास अशी नावे आहेत. ती वाचताना दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्या डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत.

प्रथम गणेशपूजन झाले, होम झाला. मग खानसाहेबांना बोलावणे गेले. दिवाणी आणि फौजदारी कचेऱ्यांचे दारोगे, शहर कोतवाल आणि मोठा जनसमुदाय घेऊन ते आले. त्यांनी रामदयाल आणि त्याच्या वडिलांची परोपरीने समजूत घातली. हात भाजला तर मालाची किंमत भरावी लागेल आणि चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे सांगितले. रामदयाल ऐकेना. त्याने तेलात हात घातला. हात भाजला.

पंडितांनी एकमताने सांगितले की गुन्हा शाबीत झाला. रामदयालने किंमत भरावी, शिवाय ऐपतीप्रमाणे दंड द्यावा, आणि माल पाचशे अशर्फींहून अधिक किमतीचा असेल तर त्याचा हात तोडावा लागेल. खानसाहेबांनी त्याला सातशे रुपये भरायला लावले, दंड माफ केला आणि सोडून दिले.

तोल कुठे गेला?

दोन माणसे, दोघांचाही आरोप नाकबूल, दोघांच्याही विरुद्ध पुरावा नाही. एक निर्दोष ठरला, दुसरा चोर ठरला. या दोन्ही प्रकरणांत न्यायाधीशाने काय केले ते आधी पाहू, कारण त्याला श्रेय दिलेच पाहिजे. त्यांनी घाई केली नाही. दुसरे मार्ग सुचवले. हुकमाची कारणे लिहिली. सर्व कारवाई उघड्यावर, लोकांसमक्ष केली. परिणाम काय होतील हे आधी सांगितले. पंडितांनी सुचवलेली सर्वांत कठोर शिक्षा दिली नाही. सगळा कागद कलकत्त्याला पाठवला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपली शंका लपवली नाही. शंकरच्या हातावरच्या ताज्या पानांमुळे आणि गोळा थोडाच वेळ हातात राहिल्यामुळे तो भाजला नसावा, असे त्यांना वाटले आणि तसे त्यांनी लिहिले. पदार्थविज्ञान जाणणाऱ्या शहाण्या माणसांनी असे दिव्य एक-दोनदा पाहिले तर खरे कारण सांगता येईल, असेही त्यांनी सुचवले. आज कोणत्याही न्यायाधीशाकडून आपण जी अपेक्षा करतो, त्यातले पुष्कळ काही या माणसाने १७८३ साली केले होते.

तरीही रामदयालवर अन्याय झाला असे मला वाटते. त्याने चोरी केली नव्हती असे मी म्हणत नाही. केली होती की नव्हती हे त्या तेलाला माहीत नव्हते, एवढेच म्हणतो. शंकरच्या हातावर पाने होती, रामदयालचा हात उघडा होता. फरक पडला तो इतकाच. साक्षीदार उभा राहिला असता तर रामदयालने त्याला विचारले असते, ‘तू मला कुठे पाहिलेस? किती वाजता? तुझे आणि माझे वैर आहे की नाही?’ वहीतली नोंद दाखवली असती तर ‘हे अक्षर माझे नाही’ असे तो म्हणाला असता. उकळत्या तेलाला काय विचारणार? ज्या पुराव्याला उत्तरच देता येत नाही, त्या पुराव्यावर निकाल दिला की बाकीची सगळी पद्धत कितीही काटेकोर असली तरी आरोपीचे म्हणणे ऐकले असे होत नाही. त्याला बोलावले, त्याला समजावले, त्याची संमती घेतली. पण त्याचे ऐकले नाही.

आणि संमतीचे तरी काय? पाचशे लोकांच्या गावगप्पांत, समोर भट्टजी फिर्यादी असताना, कापड रंगवून पोट भरणाऱ्या कारागिराने ‘मी दिव्य करणार नाही’ म्हटले असते तर त्याचा अर्थ लोकांनी काय घेतला असता? तोच चोर! ज्या ठिकाणी नाही म्हणणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो, त्या ठिकाणच्या होकाराला फारशी किंमत नसते.

एक गोष्ट आणखी ध्यानात घ्या. पहिल्या प्रकरणात फिर्यादीला ‘तुला कैद होईल’ असे बजावले होते आणि तसे झालेही. दुसऱ्या प्रकरणाच्या हकिकतीत इशारा आहे तो रामदयालला आणि त्याच्या बापाला. ऋषीश्वर भट्टांना असा इशारा दिल्याचा उल्लेख नाही. जोखीम सारखी वाटलेली दिसत नाही. समान वागणूक म्हणजे काय, हे अशा बारीक ठिकाणी कळते.

पुढे काय झाले

हेस्टिंग्जने या हकिकती पाहिल्या आणि १७८४ च्या एप्रिलमध्ये त्यांतल्या संस्कृत शब्दांबद्दल चौकशीही केली. त्याच्यामार्फतच खानसाहेबांचा निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ च्या पहिल्या खंडात छापून आला. योगायोग असा की त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला लंडनमध्ये खुद्द हेस्टिंग्जवरचा महाभियोग सुरू झाला. त्यातला एक मुख्य आरोप बनारसच्या चेतसिंहाचा होता! हेस्टिंग्जला आरोपांची प्रत मिळाली, वकील मिळाले, साक्षीदार तपासता आले, उत्तर देता आले. सात वर्षांनी, २३ एप्रिल १७९५ रोजी, तो निर्दोष सुटला. निकाल कोणाला पटो वा न पटो, परंतु चेतसिंहाला जे दिले नाही ते सगळे हेस्टिंग्जला मिळाले, हे विसरता येत नाही.

स्वतंत्र भारतात हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पायरीपायरीने पक्के केले. १९६७ साली ओरिसातील डॉ. बीनापाणी देई यांच्या खटल्यात, सरकारने नीट चौकशी न करता जन्मतारीख बदलून त्यांना निवृत्त केले, ते रद्द झाले. केवळ प्रशासकीय हुकूम आहे म्हणून माणसाचे ऐकून घ्यायला नको, असे होत नाही, हे त्यातून ठरले. १९६९ च्या क्रेपाक खटल्यात वनसेवेच्या निवड मंडळावर एक उमेदवारच सदस्य होता. स्वतःचे नाव निघाले तेव्हा तो उठून गेला होता, तरीही न्यायालयाने ती निवड रद्द केली. चेतसिंहाच्या प्रकरणातला दोष तो हाच. १९७८ साली मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की कायद्यात पद्धत लिहिलेली असणे पुरेसे नाही, ती पद्धत स्वतः न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. हे वाचताना मला नेहमी रामदयाल आठवतो. त्याच्या बाबतीत पद्धत तंतोतंत पाळली गेली होती. दोष पद्धतीतच होता.

आणि ५ मे २०१० चा सेल्वी खटल्याचा निकाल तर जणू दिव्याविषयीचाच आहे. नार्को चाचणी, खोटे पकडण्याचे यंत्र, मेंदूची तपासणी यांची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात ठरवले. संमतीने चाचणी केली तरी केवळ तिचे निष्कर्ष पुरावा म्हणून धरता येत नाहीत. त्यातून पुढे काही वस्तू किंवा माहिती हाती लागली तर तिचा विचार होऊ शकतो. तेलाच्या जागी सुई आणि यंत्र आले, तरी आरोपीच्या शरीराकडून उत्तर काढून घ्यायचे आणि त्याच्या तोंडचे उत्तर ऐकायचे नाही, हा मोह जुनाच आहे.

आपल्या घरची गोष्ट

हे सगळे मोठ्या कोर्टांचे झाले. आपण सामान्य माणसे कोर्टात फारसे जात नाही, पण निवाडे मात्र रोज करतो. घरात, नातेवाइकांत, सोसायटीत, शाळेच्या समितीत, आणि हो, उत्सव मंडळातही. माझ्या परिचयाच्या एका कारकुनाला, पैशाचा हिशेब जुळला नाही म्हणून एका संस्थेने एका बैठकीत कमी केले. ज्याने तक्रार केली तोच बैठकीचा अध्यक्ष होता. कारकून बाहेर बाकावर बसून होता. त्याला आत कोणी बोलावले नाही. पुढे महिन्याभराने पावत्यांचे एक पुस्तक दुसऱ्याच कपाटात सापडले आणि हिशेब जुळला. तोवर बातमी नातेवाइकांपर्यंत पोहोचली होती. त्याला कोणी तेलात हात घालायला लावले नव्हते, तरी हात भाजलाच.

याला उपाय फार अवघड नाहीत. त्यासाठी वकील लागत नाही. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला ती तक्रार नेमकी काय आहे हे सांगावे, शक्य तर लेखी द्यावे. उत्तर द्यायला चार दिवस द्यावेत. त्याच्याविरुद्ध जे कागद असतील ते त्याला दाखवावेत. तक्रार करणाऱ्याने निर्णयाला बसू नये. निर्णय घेतला की त्याचे कारण दोन ओळींत लिहून ठेवावे. आणि शंका असेल तर खानसाहेबांप्रमाणे ती शंकाही लिहावी. एवढे केले तरी चुका होतील, पण त्या नंतर दुरुस्त करता येतील.

काशीच्या पंडितांनी न्यायाधीशाच्या नावातच आधी विचारणे आणि मग ठरवणे असा क्रम घालून ठेवला आहे. रामदयालचे सातशे रुपये आता परत देता येणार नाहीत. यंदाचा उत्सव आटोपला की मंडळाची हिशेबाची बैठक होईल, दरवर्षीप्रमाणे चार शब्द वर-खाली होतील. तेव्हा कोणाचे नाव निघालेच, तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका. आत बोलवा, पाणी द्या आणि त्याचे म्हणणे आधी ऐका.